भास्कराचार्य आणि आठ अक्षरांचा हिशेब

कला शाखेच्या विद्यार्थ्याचा संगणकाशी काय संबंध, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. भास्कराचार्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना मला या समजुतीला चांगले उत्तर सापडले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांचे गाव सह्याद्रीच्या परिसरातले. ते नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ त्यांनी ११८३ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिला. आपल्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानतात. म्हणजे काळ जवळजवळ एकच.

‘लीलावती’त अनुष्टुभ छंदाचे एक उदाहरण आहे. चरणात आठ अक्षरे, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. तर चारही चरण सारखे असलेली वृत्ते किती? उत्तर आहे २५६. रीतही सुटसुटीत. आठाचे निम्मे चार, चाराचे दोन, दोनाचे एक. मग दोनपासून उलट यायचे : दोनाचा वर्ग ४, चाराचा १६, सोळाचा २५६. दोनाला दोनाने सात वेळा गुणण्याऐवजी तीन वर्गांत काम भागते.

आता संगणकाकडे पाहू. त्याच्या मंडलात विजेचा दाब उच्च असतो किंवा नीच. त्यालाच १ आणि ० म्हणतात. स्मृतीचे प्रत्येक घर यांपैकी एकच चिन्ह जपते. अशी आठ चिन्हे मिळून एक बाइट होतो आणि त्याचे प्रकार होतात २५६. इंग्रजीतले मोठे ‘ए’ अक्षर ०१०००००१ असे साठवतात आणि त्याच क्रमाने तारेतून पाठवता येते. शून्याला लघु व एकाला गुरू म्हटले, तर तो आठ अक्षरांचा एक चरणच झाला!

म्हणून भास्कराचार्यांनी संगणक शोधला असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे विजेचे मंडल नव्हते, आणि लघु-गुरूंची मोजणी त्यांच्या कितीतरी आधी पिंगलाने केली होती. खोट्या अभिमानाने त्यांचा मोठेपणा वाढत नाही. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे : वृत्त शिकणारा विद्यार्थी आणि मंडल जोडणारा अभियंता एकच हिशेब करतात.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याला मिळालेल्या देणग्यांची नोंद तिथल्या १२०७ च्या शिलालेखात आहे आणि तिचा शेवटचा भाग मराठीत आहे. गणिताच्या शाळेचा खर्च मराठीत कोरून ठेवणाऱ्या त्या माणसांना कला आणि विज्ञान यांच्यामध्ये भिंत घालावीशी वाटली नाही. मग आपण तरी ती का घालावी?