दोष लसीचा की हाताचा?

लस टोचल्यावर कोणास ताप आला अथवा दंड सुजला, म्हणजे सर्व दोष लसीच्या माथी मारण्याची आपल्या लोकांस खोड आहे. अशांनी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्या चरित्राचे अवश्य मनन करावे.

१८६० साली ओदेसा येथे जन्मलेले हे शास्त्रज्ञ १८९६ च्या प्लेगात मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच देहात टोचून घेतली. ताप आला आणि उतरला.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचली; पैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटून त्यांचा अधिकार गेला. पुढे उघड झाले, की बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी बाजू घेतल्यावर १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले. १९३० साली ते निवर्तले.

हिमायतनगरचा व्यापारी वजन कमी भरल्यास आधी तराजू तपासतो, मग मालास नावे ठेवतो. येथेही तोच न्याय लावावा. एक-दोन दिवसांचा ताप साहजिक होय. गळू झाल्यास मात्र टोचणाऱ्याच्या स्वच्छतेची चौकशी व्हावी. लस नाकारू नये. सुई नवी आहे काय, हे निर्भीडपणे विचारावे.