हरवलेल्या ग्रहाचा शोध

थोर गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस याचा जन्म १७७७ साली जर्मनीतील ब्रन्स्विक येथे झाला. वडील माळीकाम, गवंडीकाम असे मिळेल ते काम करून संसार चालवीत. आईला लिहिता येत नसे. मुलाची जन्मतारीखही तिने टिपून ठेवली नव्हती. एका सणाच्या आठ दिवस आधीचा तो बुधवार होता, एवढेच तिला आठवे. त्या सणाची तारीख दरवर्षी बदलते. तरीही पुढे गाउसने गणित मांडून ३० एप्रिल ही आपली जन्मतारीख शोधून काढली!

या मुलाची बुद्धी पाहून तेथील अधिपतीने, ड्यूकने, त्याच्या शिक्षणाचा भार उचलला.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझी या ज्योतिर्विदाला ताऱ्यांमधून सरकणारा एक अंधूक ठिपका दिसला. तोच सेरेस हा पहिला लघुग्रह. ४१ दिवसांनंतर त्याचे वेध थांबले आणि सेरेस सूर्याच्या तेजात लोपला. सूर्याभोवती एक फेरी करण्यास त्याला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागतो. मग ४१ दिवसांच्या वेधांवरून तो पुन्हा कोठे उगवेल, हे कसे सांगावे? काहींनी त्याची कक्षा वर्तुळाकार मानली. पण तो सापडेना.

चोवीस वर्षांच्या गाउसने हे आव्हान स्वीकारले. ज्या पृथ्वीवरून वेध घ्यावयाचे, तीही फिरत असते. त्यामुळे हे गणित फार बिकट होते. कक्षा लंबवर्तुळाकार धरून त्याने नवी रीत योजिली, पुनःपुन्हा आकडेमोड केली आणि सेरेसचे स्थान वर्तविले. ते इतरांच्या अंदाजांहून बरेच दूर होते. अखेर वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरच्या रात्री, झाख या ज्योतिर्विदाला सेरेस त्याच स्थानाजवळ दिसला! गाउसची कीर्ती सर्वत्र पसरली.

१८०७ साली तो गॉटिंगेन येथील वेधशाळेचा प्रमुख झाला. १८०९ मध्ये त्याने आपली रीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८५५ साली त्याचे निधन झाले.

पृथ्वीच्या जवळून जाणारे लघुग्रहही आज आपल्याला ठाऊक आहेत. २००४ च्या जूनमध्ये ॲपोफिस हा लघुग्रह दोनच रात्री दिसून हरवला व डिसेंबरमध्ये पुन्हा सापडला. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. परंतु त्यापासून पृथ्वीला धोका नाही. ही निश्चिंती कक्षेच्या गणितानेच दिली आहे. हाती थोडेच असले, तरी चिकाटीने व अचूकपणे विचार करणाऱ्याला वाट सापडते, हेच गाउसचे चरित्र आपल्याला शिकविते.