शेपटीवरची पट्टी
गाडीला मागे मोठा स्पॉयलर दिसला की आपण लगेच म्हणतो, काय भारी दिसतेय! पण याचं श्रेय ज्याला दिलं जातं, त्या रिची गिंथरला दिसण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. जन्म १९३०, कॅलिफोर्नियाचा. कोरियन युद्धाच्या काळात लष्करात विमानांचा मेकॅनिक. १९६१ मध्ये तो फेरारीच्या गाड्यांची चाचणी घ्यायचा. नवी २४६ एसपी वेगात मागून हलकी व्हायची, कारण वरून जाणारी हवा तिला उचलायची. मग शेपटीवर अॅल्युमिनियमची बुटकी, उभी पट्टी बसवली आणि गाडी रस्त्याला धरून पळू लागली. त्याच वर्षी २४६ एसपीनं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत मारली.

स्वतः रिची मात्र फॉर्म्युला वनमध्ये आठ वेळा दुसरा आला. पहिला फक्त एकदा, १९६५ मध्ये मेक्सिकोत. होंडाचाही तो पहिलाच विजय! १९८९ मध्ये तो गेला. तुम्ही स्पॉयलर बदलणार असाल, तर त्याचा क्रम लक्षात ठेवा: आधी गाडीचं दुखणं ओळखायचं, मग पट्टी लावायची.