देवळालीचे गणितानंद

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली, तेव्हा त्याचे संगोपन वडिलांनीच केले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता आणि ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती अशी घरातच. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले. पुढे पदवीधर होऊन ते नाशिकजवळ देवळाली येथे शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

संख्या हेच त्यांचे सोबती होते. १४२८५७ ही संख्या घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ येतो. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग पाडून त्यांची बेरीज केली, की मूळची १४२८५७ ही संख्या पुन्हा हजर! अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. रेल्वेच्या डेमलो नावाच्या स्थानकावर त्यांना आणखी एका जातीच्या संख्या सुचल्या. त्यांचे नाव त्यांनी डेमलो संख्या असेच ठेवले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा वजा करा, ६१७४ च येते. सातांहून अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत. ही कृती गेवराईच्या शाळेत करा की अमेरिकेत, उत्तर बदलत नाही.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. परंतु अनेक विद्वानांना तो पोरखेळ वाटला. एका शाळामास्तराच्या आकड्यांच्या गमतींत मोठे गणित ते काय असणार, असा त्यांचा समज होता. कापरेकर खचले नाहीत. आपल्या पुस्तिका ते स्वतः छापून घेत. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. तरी संख्यांचा नाद सुटला नाही.

१९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका नामांकित विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. ६१७४ ला गणिताच्या ग्रंथांत आज कापरेकर स्थिरांक म्हणतात.