शुश्रूषेची कसोटी : डॉ. सिसिली सॉन्डर्स

बरा होऊन घरी गेलेला रुग्ण हॉस्पिटलबद्दल चांगले-वाईट बोलतो. टाके पिकले तर भांडायलाही येतो. पण ज्याचा आजार बरा होणारच नव्हता आणि जो त्या खाटेवरच गेला, त्याची शुश्रूषा नीट झाली की नाही हे कोण सांगणार? तो स्वतः सांगायला उरत नाही. घरचे दुःखात असतात, आणि ज्यांनी अखेरपर्यंत तोंडात पाणी घातले त्यांच्याविरुद्ध बोलायला कुणाची जीभ रेटत नाही. त्यामुळे अशा संस्थांबद्दल कानावर येते ते बहुधा कौतुकच. तिथली माणसे फार प्रेमळ आहेत, एवढ्यावर विषय संपतो. प्रेमळपणा पुरेसा आहे का, रुग्णाचे दुखणे खरोखर थांबले का, हे विचारण्याची आणि त्याचे उत्तर मोजून काढण्याची सवय वैद्यकाला लावली ती डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी. आधुनिक हॉस्पिसच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेच्या, जननी म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात.

त्यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेला बार्नेट येथे झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण आईवडिलांचे पटत नसे. मुलगी ताडमाड उंच, लाजाळू, निवासी शाळेत एकटी पडलेली. ऑक्सफर्डला त्या राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकायला गेल्या खऱ्या, पण दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुस्तकात मन रमेना. १९४० मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या नाइटिंगेल नर्सिंग स्कूलमध्ये नाव घातले. हे काम त्यांना मनापासून आवडले, मात्र पाठीच्या मणक्याने दगा दिला. रुग्ण उचलणे, रात्रपाळीला तासन्‌तास उभे राहणे जमेना. नर्सिंग सोडावे लागले. मग त्या हॉस्पिटलमध्ये समाजसेविका झाल्या. रुग्णाच्या घरची परिस्थिती, पैशाची अडचण, घरी गेल्यावर त्याचे कोण करणार हे पाहणे हे ते काम. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत समाजसेवा अधीक्षक करतात तेच.

याच कामात त्यांना डेव्हिड टाज्मा भेटला. वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू, वय चाळिशीचे, हॉटेलात वेटर. कॅन्सर पसरलेला. लंडनमध्ये सख्खे असे कुणी नाही. आर्चवे हॉस्पिटलच्या गजबजलेल्या वॉर्डात सॉन्डर्स त्याला दोन महिने भेटत राहिल्या. दोघांचा एकमेकांवर जीव जडला. मरणाऱ्या माणसांसाठी एक निराळी जागा हवी, जिथे दुखणेही थांबेल आणि बोलायलाही कुणी असेल, असा विचार या भेटींमध्ये आकाराला आला. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो गेला. जवळचे ५०० पौंड त्याने त्यांच्या नावे ठेवले. त्या उद्या जे घर बांधतील त्याला आपल्या पैशाने एक खिडकी व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती. खिडकीभोवती घर उभे राहायला १९ वर्षे लागली.

दरम्यान बेजवॉटर भागातल्या सेंट ल्यूक या गरीब मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत त्या संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. इथे त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली, जी मोठ्या हॉस्पिटलांत दिसत नव्हती. तिथल्या नर्सेस मॉर्फिनचा डोस घड्याळ लावून देत, दर चार तासांनी, पोटातून. रुग्ण कळवळण्याची वाट पाहत नसत. इतरत्र पद्धत उलट होती. दुखू लागले की रुग्णाने मागायचे, सिस्टरने थोडे थांबा म्हणायचे, मग इंजेक्शन. दर वेळी दुखणे आधी शिगेला पोहोचायचे आणि औषध त्याच्या मागे धावायचे. मॉर्फिनचा परिणाम चारेक तासांत ओसरतो, त्यामुळे पुढच्या कळेची धास्ती रुग्णाच्या मनातून जातच नसे, आणि धास्तीने दुखणे वाढते हे कुठलीही सिस्टर सांगेल.

सॉन्डर्स यांना पुन्हा नर्स म्हणून मरणासन्न रुग्णांकडे जायचे होते. त्या ज्यांच्याकडे काम करत होत्या ते सर्जन नॉर्मन बॅरेट, अन्ननलिकेच्या एका विकाराला ज्यांचे नाव आहे तेच, यांनी त्यांना रोखले. नर्सचे कुणी ऐकणार नाही, मरणाऱ्याला वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच, तेव्हा डॉक्टरच हो, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. वयाच्या ३३व्या वर्षी त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांबरोबर मेडिकलच्या पहिल्या वर्गात बसल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या.

त्यानंतरची सात वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची, आणि बाहेरून पाहता सर्वांत कंटाळवाणी. पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात आयरिश नन्स चालवत असलेल्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये त्या १९५८ पासून काम करू लागल्या. नन्सच्या सेवाभावाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. चादरी स्वच्छ, बोलणे मऊ, प्रार्थना नेमाने. पण रुग्णांचे धड केसपेपर नव्हते. काल रात्री कुणाला किती दुखले, कोणते औषध किती वाजता दिले, त्याने फरक पडला का, याची नोंद नाही. नोंद नाही म्हणून शिकणेही नाही. सॉन्डर्स यांनी तिथे काय केले असेल तर प्रत्येक रुग्णाचे टिपण ठेवायला सुरुवात केली. दुखणे कुठे, कसे, कशाने वाढते, झोप लागली का, मळमळ, बद्धकोष्ठ, श्वास. माहिती छिद्रांच्या कार्डांवर चढवली, कारण तेव्हा कॉम्प्युटर हाताशी नव्हता. रुग्णांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे टेपवर घेतले. आणि औषध घड्याळाप्रमाणे सुरू केले.

१९६५ पर्यंत त्यांच्याजवळ अकराशेच्या आसपास रुग्णांची माहिती जमा झाली होती. त्या काळी डॉक्टरांना मॉर्फिनची दोन भये होती. रुग्णाला व्यसन लागेल आणि डोस वाढत वाढत हाताबाहेर जाईल. सॉन्डर्स यांच्या नोंदींत दोन्ही भीती टिकल्या नाहीत. वेळेवर आणि पुरेशा मात्रेत औषध मिळणारा रुग्ण त्याच्यासाठी आसुसत नाही. डोस बहुतेकांत एका पातळीवर स्थिरावतो, काहींत कमीही करता येतो. झोपेच्या गुंगीत पडून राहण्याऐवजी माणसे बसून बोलत होती, पत्ते खेळत होती. हे मत म्हणून आधीही कुणी मांडले असेल. इथे ते कार्डांच्या गठ्ठ्यानिशी मांडले गेले.

याच टेपांमधून एक दुसरी गोष्ट पुढे आली. दुखण्याबद्दल विचारल्यावर एक बाई पाठीपासून सुरुवात करून हळूहळू सगळेच सांगू लागल्या. आपले सर्वच बिघडले आहे असे वाटते, नवरा-मुलगा चांगले आहेत पण आपल्यापायी त्यांची रोजी बुडेल, कुणीच आपल्याला समजून घेत नाही असे वाटे, आता ते सगळे निवळू लागले आहे. सॉन्डर्स यांनी याला समग्र वेदना असे नाव दिले. शरीराची कळ, मनाची घालमेल, घरच्यांची आणि पैशाची चिंता, आणि हे माझ्याच वाट्याला का हा प्रश्न, असे चारही धागे त्यात आले. गोळी बदलून भागत नाही तेव्हा यातला कोणता धागा राहिला हे पाहायला हवे, हे आज पॅलिएटिव्ह केअर शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्या आठवड्यात सांगितले जाते.

दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे २४ जुलै १९६७ रोजी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसचे उद्घाटन झाले. ५४ खाटा, शिवाय वृद्धांसाठी १६ खोल्यांचा भाग. टाज्माच्या पैशाची खिडकी दर्शनी भागात बसवली गेली. वॉर्डात खाटा चार-सहाच्या गटांत होत्या, म्हणजे एकटेपणा नाही आणि गर्दीही नाही. कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर त्याच आवारात होते, त्यामुळे मरणाऱ्यांच्या कानावर पोरांचा गलका पडत असे. नातेवाइकांना दिवसभर येण्याची मुभा होती, फक्त सोमवारी नाही. त्या दिवशी त्यांनी अपराधी न वाटता विश्रांती घ्यावी हा हेतू. १९६९ पासून घरी जाऊन रुग्ण पाहणारे पथकही निघाले.

पण सॉन्डर्स यांची खरी परीक्षा इमारत उभी राहिल्यावर झाली. ज्याने संस्था उभारली त्याला ती उत्तमच वाटते. त्यात सॉन्डर्स स्वभावाने हुकमती; विरोध सहज खपवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. तरीही त्यांनी सुरुवातीपासून आपल्या संस्थेत संशोधन हवे असा आग्रह धरला आणि ते करायला स्वतंत्र डोक्याची माणसे आणली.

त्यातले एक डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस. ब्रिटनमध्ये डायमॉर्फिन, म्हणजे वैद्यकीय वापराचे हेरॉइन, हे मॉर्फिनपेक्षा सरस आहे असा समज होता. सॉन्डर्स यांचाही त्याच्यावर भरवसा होता आणि त्यांच्या वॉर्डात तेच दिले जाई. ट्वायक्रॉस यांनी सुमारे ७०० रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना केली. कोणते औषध चालू आहे हे रुग्णाला किंवा डॉक्टरला कळू न देता. मात्रेतला फरक जमेस धरला तर पोटातून दिलेल्या दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. १९७७ मध्ये निष्कर्ष छापून आला आणि सॉन्डर्स यांच्या हॉस्पिसने आपले आवडते औषध सोडून मॉर्फिन घेतले. याचा फायदा ब्रिटनबाहेर जास्त झाला, कारण बहुतेक देशांत हेरॉइनला औषध म्हणूनही परवानगी नव्हती.

दुसरे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॉलिन मरी पार्क्स. मेलेल्याला विचारता येत नाही, मग त्याच्या मागे राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला विचारावे, आणि तेही मृत्यूच्या धक्क्यातून थोडे सावरल्यावर, असे त्यांनी ठरवले. फक्त आपल्याच हॉस्पिसच्या कुटुंबांना विचारले असते तर कौतुकच ऐकू आले असते. म्हणून त्यांनी त्याच परिसरातल्या इतर हॉस्पिटलांत कॅन्सरने गेलेल्यांच्या कुटुंबांशी तुलना केली. पहिल्या पाहणीत सेंट ख्रिस्तोफरचे रुग्ण कमी कळा सोसून गेले होते. दहा वर्षांनी हीच पाहणी पुन्हा केली तेव्हा दुखण्याच्या बाबतीत दोन्हींतले अंतर जवळजवळ मिटले होते. एखाद्या संस्थाचालकाला ही बातमी कडू लागली असती. इथे मात्र तिचा अर्थ असा होता की घड्याळाप्रमाणे मॉर्फिन देण्याचे ज्ञान आजूबाजूच्या हॉस्पिटलांत झिरपले होते. फरक उरला होता तो दुसऱ्या बाजूला. हॉस्पिसमधल्या नातेवाइकांना स्टाफशी बोलता येई, शुश्रूषेत हात लावता येई, त्यांची धास्ती कमी असे. कुणी मागे राहिल्यावर जास्त खचेल असे वाटले तर हॉस्पिसचे स्वयंसेवक त्याच्या घरी जात. त्याचा उपयोग होतो की नाही, हेही पार्क्स यांनी भेटी मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांची तुलना करून तपासले. उपयोग होत होता.

हॉस्पिस पारखताना पुढे जगभर जे प्रश्न विचारले जाऊ लागले त्यांचे मूळ या कामात आहे. दुखणे किती आहे हे रोज विचारून लिहितात का, रात्री दोन वाजता कळ आली तर औषध द्यायला कुणी आहे का, घरच्यांशी खरे बोलतात का, माणूस गेल्यावर त्यांची विचारपूस करतात का. भिंतींचा रंग त्यानंतर.

१९८७ मध्ये ब्रिटनने पॅलिएटिव्ह मेडिसिनला वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला सुरू झाले, शांती अवेदना सदन. ट्वायक्रॉस यांनी पुढे अनेकदा भारतात येऊन इथल्या डॉक्टरांना शिकवले. पण ज्या औषधावर हे सगळे उभे, तेच इथे दुर्मिळ झाले होते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनला इतक्या परवान्यांत अडकवले की बहुतेक हॉस्पिटलांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरी आजही एखाद्या संस्थेत गेल्यावर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला हरकत नाही.

सॉन्डर्स यांनी १९८० मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी, पोलिश चित्रकार मारियान बोहुश यांच्याशी लग्न केले. त्यांची चित्रे हॉस्पिसच्या भिंतींवर होती. १९९५ मध्ये त्यांचा अंत सेंट ख्रिस्तोफरमध्येच झाला. दहा वर्षांनी स्तनाच्या कॅन्सरने आजारी असलेल्या सॉन्डर्स आपल्याच हॉस्पिसच्या वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल झाल्या. ज्या नोंदी ठेवायला त्यांनी चार पिढ्यांच्या नर्सेसना शिकवले होते, त्या आता त्यांच्या नावाने ठेवल्या जाऊ लागल्या. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, त्या तिथेच गेल्या.