गाडगेमहाराज आणि लेकुरवाळ्या आया

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी गाडगेमहाराजांचे नाव सांगितले. खराटा घेऊन गाव झाडणारे महाराज सर्वांस ठाऊक आहेत. आजारी लेकरू घेऊन परगावी गेलेल्या आईला त्यांचा केवढा आधार आहे, हे मात्र मला अलीकडेच कळले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेणगावी परिटाच्या घरी झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले. आई सखूबाईने माहेर गाठले आणि मामाची गुरे राखीत, नांगर धरीत डेबूजी वाढले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या आणि जवळ एक गाडगे, एवढाच त्यांचा संसार. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळांना लावला. त्यावर आपल्या आप्तांचा हक्क ठेवला नाही.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा वारला. बातमी पोचली तेव्हा ते कोकणात कीर्तनास उभे होते. कीर्तन त्यांनी पुरे केले. पुत्रशोक पचविलेल्या या माणसाने पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. औषध डॉक्टर देतील, पण रोग्याच्या माणसाने पाठ कोठे टेकावी, याची चिंता त्यांनी वाहिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पश्चात दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे रोगी व त्यांची माणसे तेथे राहतात.

आमच्या पेठेतील एका आईबरोबर मी तेथे चार दिवस काढले. तिच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता. ताप चढताच रुग्णालय गाठावे, पाणी उकळूनच द्यावे, केस गळले तरी भिऊ नये, हे तिला शेजारच्या खाटेवरच्या नांदेडच्या बाईने शिकविले. दोघी रडल्याही एकत्रच.

मुलांचा हा रोग उपचार पुरे झाल्यास पुष्कळदा बरा होतो. पण ते दोन-तीन वर्षे चालतात, आणि भाडे, बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या भावंडांची काळजी यांपायी ते अर्ध्यावर सुटतात. तेथेच मूल हातचे जाते.

धर्मशाळा बांधण्याची आपली ऐपत नाही. परंतु घरच्या भावंडाला शाळेत पोचविणे, बापाला डबा देणे, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या तिकिटाला हातभार लावणे, एवढे आपण खचित करू शकतो. कर्करोग लागट नाही; तेव्हा त्या घराचा उंबरा टाळू नये. मात्र आपल्याला सर्दी-ताप असेल तर त्या लेकराजवळ जाऊ नये, कारण उपचारांत त्याची ताकद क्षीण झालेली असते. डबा दाराशी ठेवून, आईची विचारपूस करून परतावे. महाराजांचे स्मरण यापरते वेगळे काय असणार?