वाटाण्याचा वेल आणि दादासाहेब फाळके

गोरेगावच्या पूर्वेस, आरे वसाहतीच्या पलीकडे, टेकड्यांच्या कुशीत महाराष्ट्र शासनाची चित्रनगरी वसली आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या या नगरीला २००१ मध्ये दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. भारतीय चित्रपटाच्या जनकाचे हे स्मारक उचितच होय. परंतु या स्मारकात एक निराळे औचित्यही नकळत साधले गेले आहे. चित्रनगरीला लागूनच बोरिवलीपर्यंत पसरलेले राष्ट्रीय उद्यान आहे. चित्रणासाठी उभारलेल्या खोट्या राजवाड्यांच्या आसपास खरे बिबळे फिरतात आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचे गवत रानफुलांनी भरून जाते. ज्या पुरुषाचे नाव या भूमीला मिळाले, त्याने हाती कॅमेरा घेऊन सिद्धीस नेलेले पहिले चलच्चित्र राजाचे नव्हते आणि देवाचेही नव्हते. ते कुंडीत उगवलेल्या वाटाण्याच्या एका रोपाचे होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी झाला. पौरोहित्याची परंपरा असलेल्या या घरातला मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकला. गोध्रा येथे त्याने छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. कॅमेऱ्यासमोर बसल्यास आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत होती. त्यामुळे धंदा बेताचाच चालला. त्यातच प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. त्यानंतर पुराणवस्तू संशोधन खात्यात त्यांनी नोकरी धरली. परंतु वंगभंगाच्या चळवळीचे वारे वाहू लागताच सरकारी चाकरी सोडून त्यांनी छपाईच्या उद्योगात उडी घेतली. १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन रंगीत छपाईचे तंत्र पाहून आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी ओलांडलेला हा कुशल कारागीर पुन्हा रिकाम्या हातांनी रस्त्यावर आला.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने त्यांना पछाडले. चलच्चित्र ही मुंबईला तेव्हा अपूर्व गोष्ट राहिली नव्हती. ल्युमिए बंधूंचे खेळ १८९६ च्या जुलैत वॉटसन हॉटेलात झाले होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती कॅमेऱ्यात टिपली होती. परंतु हौशी चित्रण वेगळे आणि उद्योग उभारणे वेगळे. फाळक्यांनी मिळेल ते वाङ्मय आणि मिळेल ती सामग्री गोळा करून अहोरात्र प्रयोग चालविले. झोपेविना डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते परतले.

यंत्र आले, विद्या आली. नव्हते ते भांडवल. न पाहिलेल्या वस्तूवर पैसा लावणारा सावकार विरळाच. अशा वेळी फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा स्थिर ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने ते एकेक चित्र घेत राहिले. मूकपटाच्या काळात दर सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून सरकत. जेमतेम मिनिटभराच्या पटालाही हजाराच्या घरात चित्रे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगामागची चिकाटी उमगते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पटात माती दुभंगून कोंब वर येतो, पाने फुटतात आणि पाहता पाहता वेल आधाराला बिलगतो. तो पाहून कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पहिल्या चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये याच रीतीने उमलत्या फुलांचा पट तयार केला होता आणि वनस्पतींच्या वाढीचा वेध घेण्यात कलकत्त्याचे जगदीशचंद्र बसू गढले होते. विज्ञान आणि कला यांच्या सीमेवरील या कार्यात दादरच्या एका भाड्याच्या घरातून फाळके सामील झाले, ही गोष्ट चित्रपटांच्या झगमगाटात विसरली गेली आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ती बोधप्रद आहे. साहसी उद्योजकाजवळ तारण ठेवण्यासारखे काही नसते, तेव्हा त्याचे कौशल्य हेच तारण ठरावे लागते. फाळक्यांनी ते वाटाण्याच्या एका दाण्यातून सिद्ध केले.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. साऱ्या ताफ्याचा स्वयंपाक रांधून वर फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या आणि उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळविणाऱ्या सरस्वतीबाईंचे श्रम कोणत्याही जमाखर्चात नोंदले गेले नाहीत. यश मिळाल्यावर फाळके नाशिकला गेले. पौराणिक कथांबरोबरच त्यांनी आसपासच्या जगाचेही चित्रण केले: आगकाड्यांची गंमत, नाशिक-त्र्यंबकचे देखावे, सिंहस्थाची गर्दी, वेरूळची लेणी आणि तळेगावचा काच कारखाना. हा कारखाना लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाचा होता. रस्त्यावरची गर्दी आणि भट्टीपुढचा कामगार हेही चित्रणास योग्य आहेत, ही जाण त्या काळी थोड्यांनाच होती.

१९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली आणि भांडवलाचा प्रश्न सुटलासा वाटला. पण निर्णयाचा अधिकार आता भांडवलदारांबरोबर वाटून घ्यावा लागला. खटके उडाले. फाळके काशीला निघून गेले, पुढे परतले. मात्र पूर्वीचे स्वातंत्र्य लाभले नाही. बोलपट आला आणि १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. ज्या धंद्याचा त्यांनी पाया घातला, तो भरभराटीस आला असतानाच त्यांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

त्यांचे बहुतेक पट आज उपलब्ध नाहीत. जुनी नायट्रेट फिल्म स्वभावतःच नाशिवंत आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग हाती लागले, वाटाण्याचा वेल मात्र गेला तो गेलाच. राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली आणि अंधेरी ते मुलुंड या टापूतील शेकडो हातांनी तिची छायाचित्रे घेतली. कॅमेरा आता खिशात आला आहे. चित्र घेण्यास ना कर्ज लागते, ना दागिने गहाण टाकावे लागतात. दुर्मिळ झाली आहे ती महिनाभर एका कुंडीपुढे बसण्याची तयारी आणि टिपलेले जपण्याची बुद्धी. रस्त्याकडेची फुलझाडे आणि टेकडीवरचे गवत बांधकामाखाली झपाट्याने नाहीसे होत असताना उपनगरातील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या परिसराची चित्रे वर्षानुवर्षे, तारीख-स्थळांसह नोंदवून ठेवली, तर ते या पुरुषाचे खरे स्मारक होईल. टेकडीचे गवत एकदा गेले की ते पुन्हा पाहण्यास तेवढी नोंदच उरेल.